चौकीदाराची उपाशी टाकी

सकाळी सकाळी कोनी शेजाऱ्याला च्या प्यायला बोलावतं, कोनी जेवायला बोलावतं. आमच्या गल्लीतला सटवाजी चौकीदार मान्सं संडासला बोलवायचा. चेष्टा न्हाई, हात जोडून बोलवायचा. आंघोळ करून, डोक्याला पटका बांधून, जुना खाकी कोट घालून, लगनाची सुपारी वाटल्यावानी दारोदारी फिरायचा. आन म्हनायचा, "वैनी, टाकी उपाशी हाय. येऊन जा."

पयल्यांदा म्हनला तवा मी भाकरी थापायले व्हते. मी म्हनलं, "भावजी, उपाशी हाय तर भाकर घिऊन जा."

"भाकर न्हाई," म्हनला. "तुमी या."

हातातली भाकर तव्याच्या बाहीर पडली माज्या.

आता हे तुमाला कळायचं तर चौकीदार कोन आन टाकी कोनची, हे सांगावं लागंल. मी शिकलेली न्हाई. जसं घडलं तसं सांगते. मला सवताला बी त्यातलं समदं कळलंय असं न्हाई.

येलदरीचं धरन बांधायले तवा मी आन माजा मालक तिथं मातीवर व्हतो. मी टोपलं वाह्याची, मालक दगड फोडायचा. सटवाजी तिथला चौकीदार. सिमिटाच्या गोन्या राखायचा. मालक त्याच्याजवळ बसायचा म्हनून मी त्याची वैनी. धरन झालं, काम सरलं, पुडं मालक बी गेला. लेकरं घिऊन मी जिंतूरला आले. चौकीदार नोकरी सरल्यावर आमच्याच गल्लीत आला. विहाराच्या मागं जागा घिऊन दगडाच्या दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे टाकले.

नोकरी सरली पर राखन काई सरली न्हाई. गल्लीत नवं कुत्रं आलं तरी आडवा व्हायचा, "कोनाकडं जायलंय हे?" निजामाच्या राज्यात वाढलेला मानूस. तोंडात कायम हिफाजत न्हाईतर बंदोबस्त. भाकरीवर फडकं झाकलं की म्हनायचा, "बंदोबस्त झाला." पावसात गवऱ्या आत घेतल्या, बंदोबस्त झाला. त्याची बायको मेली तवा बी, लोक सांगतेत, माती देऊन आल्यावर पान्याच्या मडक्याजवळ बसून म्हनला, "आता पोरीचा बंदोबस्त पाह्यजे."

ही पोरगी म्हंजी शांता. एकलीच. त्यानं तिला मॅट्रिक केली आन औरंगाबादला दिली. जावाई हापिसात कारकून. सरकारी खोली, आन खोलीतच संडास. साखळी वडली की पानी येतं आन समदं घिऊन जातं, असं शांता सांगायची. आमी म्हनायचो, कुठं घिऊन जातं? ते तिला बी ठावं नव्हतं.

आमच्या गल्लीत त्या टायमाला कोनाच्याच घरी तसलं काई नव्हतं. बाया पहाटं अंधारात टमरेल घिऊन जायच्या, न्हाईतर सांजच्याला दिवे लागल्यावर. मधी लागली तर दाबून धरायची. म्हनून पानी बी कमी प्यायचं. रस्त्यानं गाडीचा उजेड आला की उठायचं, गेला की बसायचं. शेतवाला काठी घिऊन यायचा, शिव्या द्यायचा, मंग दुसरीकडं बसायचं. पोट दुखायचं, पर ते समद्यायचंच दुखायचं. त्यामुळं कोनी कोनाला सांगत नव्हतं.

शांता पयल्या बाळंतपनाला म्हायेरी आली ती भर पावसाळ्यात. सातवा सरत आला व्हता. पहाटं मी तिच्यासंगं गेले. येताना नाल्याच्या बांधावर तिचा पाय निसटला. मी धरायच्या आत ती खाली गेली. तिला पाठीवर घिऊन मी घरी आनलं. शांता वाचली. लेकरू न्हाई वाचलं.

जावाई आला. पायातली चप्पल काढली न्हाई, पानी घेतलं न्हाई. "मामा, माझी बायको आता बांधावर बसायला येणार नाही," म्हनला आन घिऊन गेला.

चौकीदार सांजच्याला माज्या वट्ट्यावर येऊन बसला. म्हनला, "वैनी, बंदोबस्त पाह्यजे."

मंग गफूर मिस्त्री आला. परसात टाकीसाठी खड्डा खंदला. आत भिंती घालून खन पाडले, वर फरशा. बाजूला पानी मुरायला शोषखड्डा, एक उभा पाईप, त्याच्या टोकाला जाळी. आन संडासची खोली, पांढऱ्या चुन्यानं सारवलेली. गल्लीत कुनाची चूल अशी नव्हती. बसायच्या जागी भिंतीला एक लोखंडी दांडी ठोकून घेतली, हाताला यील अशी. ती कशाला ते आमाला कळंना. आमी नंतर तिला पदर अडकवायचो.

"टाकी किती मान्सांची करू?" मिस्त्रीनं इचारलं. चौकीदारानं बोटं मोजली. शांता, जावाई, जावायाचे आईबाप, व्हनारी लेकरं, कवा त्याचे भाऊ आले तर ते. "धा मान्सांची कर," म्हनला.

राह्यला एकलाच.

जाताना मिस्त्रीनं टाकीत शेनाचा काला आन गूळ टाकाय लावला. म्हनला, "चौकीदार साब, इसमें जान रहती. साबन नको, फिनाइल नको, राख नको. आदमी का आनाजाना होना. भूकी रही तो मर जाती, फिर बास मारती."

झालं. एवढं ऐकलं आन चौकीदाराची झोप उडाली. धा मान्सांची टाकी आन खानारं… म्हंजी घालनारं एकच! गोठ्यात म्हैस बांधावी आन वैरन नसावी तसं झालं त्याचं. उरलेली कढी टाकीला. नासलेलं ताक टाकीला. आवस-पुनवंला गुळाचं पानी. पाईपाला कान लावून बसायचा. शेजारची काशीबाई म्हनायची, "चौकीदाराची म्हैस गाभन हाय, कान लावून वासराचं ऐकायलाय." तवापासून गल्लीत त्या टाकीला चौकीदाराची म्हैसच म्हनायचे.

तरी त्याचं समाधान व्हईना. मंग आमाला बोलावनं आलं.

पयले कोनी गेलं न्हाई. परक्या गड्याच्या परसात बाईमान्सानं जायाचं, आन तेबी ह्या कामाला! पर एक दिस मला ताप व्हता. पाऊस लागलेला. नाल्यापर्यंत पाय उचलंना. मी गेले. आत गेले, कडी लावली. तुमाला खोटं वाटंल, मला कडी लावून बसता येईना. इतक्या वरसांत कवा भिंतीआड बसलेच नव्हते. कोनीतरी येईल म्हनून दोनदा उठले.

बाहीर आले तर चौकीदार पाठ करून लांब उभा. तसाच पाठमोरा म्हनला, "बरं हाय ना वैनी? साबन न्हाई ना टाकलं?"

"बरं हाय भावजी," मी म्हनलं.

माज्या मागं काशीबाई आली. मंग तिची सून. मंग बाळंतिनी, म्हाताऱ्या, समदी गल्ली. पहाटं रांग लागायची, प्रत्येकीच्या हाती सवताचं टमरेल. कोनी जास्ती येळ घेतला की काशीबाई कडी वाजवायची, "बाई, आत संसार मांडला का?" आन चौकीदार वट्ट्यावर पाठमोरा बसून समद्यायला इचारायचा, "बरं हाय ना?" बाया हासायच्या पर सांगायच्या बी. पोराला खोकला हाय, दादला कामावर गेला न्हाई, रेशनला साखर न्हाई. तो आयकून घ्यायचा.

ह्याच टायमाला इमा आला.

जावायानं आनखी एक खुसपट काढलं व्हतं. म्हने, संडास बांधला ठीक हाय, पर वादळात पत्रे उडाले, भिंत खचली, तर बाळंतीन कुठं ठेवायची? परभनीहून एक इमेवाला गल्लीतल्या शाळामास्तरांकडं यायचा, कातडी बॅग घिऊन. चौकीदारानं त्याला हाताला धरून घरी आनला आन घराचा इमा काढला. जाड कागद आला. त्यानं तो काचंत बसवून बुद्धाच्या फोटूच्या खाली लावला.

मी इचारलं, "भावजी, इमा म्हंजी काय?"

"घराचा बंदोबस्त."

"मंग घर पडनार न्हाई?"

"पडंल की."

"मंग बंदोबस्त कशाचा?"

"पडल्याचा."

मी इचारात पडले. "आन न्हाई पडलं तर?"

"तर भरलेला पैका गेला."

"मंग पडलं तर बरं का न पडलं तर बरं?"

चौकीदारानं पटक्याच्या शेवटानं कागदावरची काच पुसली. "तसं इचारायचं नसतं वैनी," म्हनला. "मी बी इचारलं न्हाई."

काशीबाई म्हनली, "माज्या नवऱ्याचा निघतो का इचारा. तो रोजच पडतो."

गल्लीत कोनाला काईच उमगलं न्हाई. कोनी म्हने हा ताईतावानी कागद हाय. कोनी म्हने सरकार आता घर घिऊन जानार. पर जाताना इमेवाला एक बोलून गेला. घर लय दिवस बंद ठिवलं, खाली ठिवलं, तर इमा चालनार न्हाई. खाली म्हंजी रिकामं. किती दिवस ते चौकीदारानं ध्यानात ठिवलंच न्हाई. खाली ठिवायचं न्हाई, एवढंच धरलं. ज्यानं जलमभर गोदाम राखलं, त्याला ते लगीच पटलं.

तवापासून तो घर सोडीना. बाजाराला जायचं तरी मला आनून बसवायचा. "वैनी, जरा घरात असा. इमा हाय." जसं घरात कोनी दुखनाईत हाय. देवगाव फाट्याला सख्ख्या पुतन्याचं लगन झालं, तिथं बी गेला न्हाई. भाऊ रुसला. चौकीदार म्हनायचा, "काय करू? घर खाली सोडलं तर इमा जातो, आन टाकी उपाशी ठिवली तर टाकी जाती." एका बाजूनं इमा, एका बाजूनं टाकी, मधी ह्यो.

तेवढ्यात निरोप आला. शांताला दिवस गेले. सातव्यात धाडतो, असं जावाई म्हनला म्हने.

चौकीदाराचं मग काई इचारू नका. पुन्ना चुना दिला. पत्र्यावर दगडं ठिवली. मला दांडी दाखवून म्हनला, "वैनी, जड दिवसांत बाईला उठता येत न्हाई ना? हे धरून उठाया यील का?" तवा मला कळलं दांडी कशाला व्हती. मी धरून बसले, उठले. "यील," म्हनलं.

आन नेमका त्याच पावसाळ्यात, एक दिस सकाळी चौकीदार वरडत आला, "वैनी! टाकी वकायलीय!"

जाऊन बगते तर फरशीच्या फटीतून काळं पानी वर यायलंय. परसात पाय ठिवायला जागा न्हाई. वास तर इचारू नका. चौकीदाराला वाटलं टाकी आजारी हाय. त्यानं तिला ताक पाजलं. आनखीच वर आलं.

इमेवाला त्याच दिवशी मास्तरांकडं आलेला. चौकीदारानं त्याला उभा केला चिखलात. नाकाला रुमाल लावून तो म्हनला, "आजोबा, हे विम्यात येत नाही."

"कामून? टाकी घराचीच हाय ना?"

"घराला आग लागली तर मिळतं. वादळ आलं, पूर आला, दंगल झाली, वीज पडली…"

"टाकीवर पडली तर?"

"काय?"

"वीज. टाकीवर."

इमेवाल्यानं बॅग ह्या हातातून त्या हातात घेतली. "घरावर पडावी लागते," म्हनला.

काशीबाई म्हनली, "भावजी, विजेला आत्ताच सांगून ठिवा, जराशी पुडं पड म्हनावं."

"पर टाकी भरली तर?" चौकीदार सोडीना. "भरल्याचा बंदोबस्त कोनता?"

"भरल्याचा विमा नसतो, आजोबा. ती भरायलाच बांधतात."

हे आयकून चौकीदार असा बगत राह्यला, जसं कोनी त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

मंग गफूर मिस्त्री आला. फरशी उचलून आत बगितलं आन कपाळाला हात लावला. "दस आदमी की टाकी, तुम पूरी गल्ली बिठाए! भूकी नको बोला था मैं, खिला खिला के मार डाले तुम!" शोषखड्डा बुजला व्हता. दुसरा खंदावा लागनार, आन तवर टाकीला आराम. "अब घर के आदमी बस. बाहर का कोई नको."

खड्डा आमी बायांनी खंदला. त्याला कोनी बोलावलं न्हाई, आमीच गेलो. आमाला मातीचं काय नवं? धरनाला टोपली वाहिली, दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडली. दोन दिसांत मिस्त्रीच्या कंबरंला लागंल एवढं काढलं, खाली दगडगोटे भरले. शांता यायच्या आत काम झालं पाह्यजे, एवढंच व्हतं समद्यांच्या मनात.

काम झालं. टाकीचं पानी उतरलं. दुसऱ्या दिशी पहाटं आमी टमरेल घिऊन गेलो तर संडासला कुलूप. गोदामाचं, मुठीएवढं. चौकीदार वट्ट्यावर बसलेला, मान खाली.

"शांता यायलीय," म्हनला. "ऐन टायमाला टाकी भरली तर जावाई पुन्ना…"

काशीबाई म्हनली, "खड्डा आमचा, कुलूप तुमचं." पर तिनं बी टमरेल उचललं. आमी समद्या नाल्याकडं गेलो. मधी एवढे दिस भिंतीआड बसलो व्हतो ना, आता उघड्यावर बसता येईना. जुनी सवय मोडायला येळ लागत न्हाई, पुन्ना लागायला लागतो. पर राग नव्हता. शांताला मी पाठीवर आनली व्हती. मला ठावं व्हतं.

सातवा लागला. चौकीदार रोज येष्टीच्या टायमाला गल्लीच्या तोंडाशी उभा. इम्यामुळं स्टँडवर जात नव्हता, घर दिसंल एवढ्याच लांब. आठवा लागला. म्हनला, "जावायाला रजा न्हाई." नववा लागला. म्हनला, "आता परवास कसा करंल?" परसात टाकी, कुलूप, पांढरी खोली. तो सवता बी तिथं जात नव्हता. त्याला आमी नाल्याच्या वाटंवर बगितलं, टमरेल घिऊन. टाकी पोरीसाठी राखून ठिवली व्हती.

मंग एक दिस गल्लीत साखर वाटत आला. "नात झाली! तिकडंच दवाखान्यात. बारशाला बोलावलंय मला. पर कसं जानार? घर खाली सोडलं तर इमा जातो."

मी म्हनलं, "भावजी, घरात मी बसते की. बाजाराला जाता तवा बसतेच ना? जा, नातीला बगून या."

"न्हाई वैनी," म्हनला. "बाजाराची गोष्ट येगळी. त्यात रातीचा मुक्काम हाय. कायद्यात बसत न्हाई."

मला त्या इम्याचा लय राग आला. असला कसला कागद, जो मान्साला नात बगू देत न्हाई!

धा-बारा दिसांनी विहारात एक पावना भेटला. जावायाच्या हापिसातला शिपाई, आमच्याकडचाच, सुट्टीवर आलेला. मी इचारलं, शांता कशी हाय, बारसं कवा हाय? तर म्हनला, "झालं की बारसं! मोठं झालं. साहेब लोक आलते. शांताबाई रडत व्हत्या, वडील कामून आले न्हाईत म्हनून." मंग हळूच म्हनला, "शांताबाईच्या मालकानं त्यांला बोलावलंच नव्हतं. शांताबाईला सांगितलं, निरोप धाडलाय म्हनून."

मी घरी आले. कोनाला काई बोलले न्हाई. काशीबाईला बी न्हाई. रातभर तो काचंतला कागद डोळ्यापुडं. मला कवाच कळलं नव्हतं इमा कशाचा असतो. आग, वादळ, पूर, वीज. चौकीदारानं त्याला भलतीकडंच लावला व्हता. 'मला बोलावलं न्हाई' असं सांगन्यापरीस 'मला जाता येत न्हाई' असं सांगितलेलं बरं. तेवढ्याला तो कागद पुरला.

मी पहाटंच नाल्याकडं जाऊन आले व्हते. चूल पेटवायले तर दारात सावली पडली. चौकीदार. आंघोळ केलेला, पटका बांधलेला, खाकी कोट. हातात ते गोदामाचं कुलूप, उघडलेलं. दोन्ही हात जोडायचे तर कुलपासकट जोडले.

"वैनी," म्हनला. "टाकी उपाशी हाय."

मी त्याच्याकडं बगितलं न्हाई. चुलीवरचं भगुनं उतरून ठिवलं, टमरेल उचललं, पानी भरलं आन त्याच्या मागं गेले. आत जाऊन कडी लावली. मला काईच लागली नव्हती. शांतासाठी ठोकलेली दांडी धरून तशीच बसले.

बाहीरून आवाज आला, "बरं हाय ना वैनी?"

"बरं हाय भावजी," मी म्हनलं, आन जराशी आनखी बसले.